गल्ल्याशेजारचा अर्धा तास

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या बाजारपेठेच्या गावात संध्याकाळी दोन गोष्टी साधारण एकाच वेळी घडतात. शाळेची गाडी मुलांना उतरवून जाते आणि शेतातून परतणारी गिऱ्हाइके दुकानांच्या पायऱ्या चढू लागतात. व्यापारी कुटुंबाचे घर बहुधा दुकानाच्या मागे किंवा माडीवर असते. त्यामुळे पाठीवर दप्तर घेतलेले मूल घरात शिरते ते दुकानातूनच. गादीवर बसलेले आजोबा एखाद्या गिऱ्हाइकाला सांगत असतात, "एकोणसत्तर रुपये झाले." इंग्रजी माध्यमाच्या तिसरीत शिकणारा नातू तेथेच थबकतो आणि विचारतो, "दादाजी, एकोणसत्तर म्हणजे किती?" आजोबा हसतात, गिऱ्हाईकही हसते. कोणीतरी "सिक्स्टी नाइन रे" असे सांगून टाकते आणि विषय संपतो.

खरे पाहता विषय तेथे सुरू व्हावयास हवा. ज्या घराची रोजीरोटी आकड्यांवर चालते, त्या घरातील मुलाला घरचे आकडेच परके वाटू लागले आहेत, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. मुलाचा यात दोष नाही. त्याच्या कानांवर दिवसभरात तीन-तीन भाषांतील संख्या पडतात. शाळेत इंग्रजी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि घरात मारवाडी, गुजराती किंवा हिंदी. मराठीतले 89 हे 'एकोणनव्वद', म्हणजे नव्वदाला एक उणे; हिंदीतले 89 मात्र 'नवासी', म्हणजे ऐंशीवर नऊ. त्यातच 79 ला हिंदीत 'उन्यासी' म्हणतात. मोठ्या माणसांनाही क्षणभर थांबावे लागते, तेथे आठ वर्षांच्या मुलाची काय कथा! शिवाय मराठीत 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी उच्चारला जातो आणि लिहिताना सहा आधी येतो. 63 ऐवजी 36 लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते ऐकू आले त्या क्रमाने लिहीत असते.

हीच अडचण ध्यानी घेऊन 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन', 'वीस एक' अशी संख्यावाचनाची दुसरी रीत देण्यात आली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यावर महाराष्ट्रभर मोठा गदारोळ झाला, विनोद झाले, विधिमंडळापर्यंत चर्चा गेली. पुस्तकात जुनी नावे काढून टाकलेली नव्हती, ती दोन्ही प्रकारे दिली होती, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले. घरी त्या वादात पडण्याचे कारण नाही. 'साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट' असे दोन्ही एका श्वासात म्हटले की मुलाला संख्येची घडणही कळते आणि दुकानातले नावही कळते. दररोज अशा पाच संख्या, त्यांत एक तरी 'एकोण'ची, एवढे पुरे. महिन्याभरात शंभरापर्यंतच्या सगळ्या संख्या एकदा येऊन जातात.

दुकानात मुलाला पूर्वी आपोआप मिळणारा दुसरा धडा सुट्ट्या पैशांचा होता. त्रेसष्ट रुपयांचे सामान झाले आणि गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली, तर जुना दुकानदार वजाबाकी करीत नाही. तो मोजत वर जातो: त्रेसष्ट आणि सात सत्तर, सत्तर आणि तीस शंभर, म्हणजे सदतीस परत. शाळेत हीच वजाबाकी हातचा घेऊन, उजवीकडून डावीकडे शिकवितात. दोन्ही रीती बरोबर आहेत आणि मुलाला दोन्ही याव्यात. मात्र "तुमच्या बाई काय शिकवतात कोण जाणे, हे बघ असे करायचे" असे वाक्य गादीवरून कधी निघू नये. मूल दिवसाचे सहा तास त्या बाईंच्या हाती असते. त्यांच्यावरील त्याचा विश्वास घरच्यांनी खच्ची केला, तर नुकसान घरचेच आहे.

हा सुट्ट्यांचा धडा आता झपाट्याने नाहीसा होत आहे. 2016 मध्ये यूपीआय आले आणि काही वर्षांतच तीर्थपुरीच्या पानटपरीवरही क्यूआर कोडचा कागद लागला. गिऱ्हाईक त्रेसष्ट रुपये तंतोतंत पाठविते, काउंटरवरील लहानसा डबा रक्कम उच्चारून सांगतो आणि कोणालाच काही मोजावे लागत नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही सोय मोठीच आहे, तिच्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु मुलाच्या डोळ्यांदेखत घडणारे गणित तिने पुसून टाकले. जे आपोआप होत होते, ते आता ठरवून करावे लागेल. गल्ल्यातील शंभराची एक नोट, दहाच्या काही नोटा आणि मूठभर नाणी एका डबीत वेगळी ठेवावीत. दिवसाच्या विक्रीतील एखादे खरे बिल घ्यावे, 'यूपीआय नसते तर किती परत दिले असते' असे विचारावे आणि पैसे मुलाने हाताने मोजून द्यावेत. खेळण्यातल्या नोटा नकोत. खऱ्या नोटेला मूल निराळ्या गांभीर्याने हात लावते.

वजनकाट्याचेही असेच आहे. तागडी गेली, इलेक्ट्रॉनिक काटा आला, आणि पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे शब्द मात्र गिऱ्हाइकांच्या तोंडी तसेच राहिले. काट्यावर 0.750 दिसते आणि तोंडाने 'पाऊण किलो' म्हटले जाते. चौथीपाचवीत मुलाला अपूर्णांक आणि दशांश हे दोन निराळे, अवघड प्रकरणे वाटतात. दुकानात तर ती एकाच ताटलीत ठेवलेली असतात. मुलाने मूठभर शेंगदाणे हातात घ्यावेत, वजन किती असेल ते आधी सांगावे, मग काट्यावर ठेवावे. पहिल्या दिवशी अंदाज हास्यास्पद निघेल. पंधरा दिवसांनी तो मोठ्यांच्या अंदाजाशी स्पर्धा करू लागेल. या खेळात आजी नेहमी जिंकते; रोजच्या स्वयंपाकाने तिचा हात तयार झालेला असतो.

आजच्या आजोबांच्या वडिलांची पिढी तर याहून बिकट गणिते तोंडी करीत असे. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी पाठ असे. 'सात दीड साडेदहा', 'आठ सव्वा दहा' ही उजळणी त्या काळच्या व्यापाऱ्याचे गणकयंत्रच होती. एप्रिल 1957 मध्ये दशमान नाणी आणि त्यापाठोपाठ मेट्रिक वजने आली, आणि रुपयाचे सोळा आणे व शेर-मणांचे हिशेब मागे पडले. औटकी आता पाठ करण्याची गरज नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. जुने म्हणून सारेच जपण्यात शहाणपण नसते. परंतु सवायकी आणि दीडकी दहापर्यंत यावी. जोपर्यंत गिऱ्हाईक 'दीड किलो' मागते आहे, तोपर्यंत दीडकी जिवंत आहे.

मराठवाड्यातील व्यापाऱ्याला तर आणखी एक हिशेब करावा लागे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. सहा कलदार म्हणजे सात हाली, असे त्यांचे प्रमाण होते. शंभर कलदार रुपयांचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली होत. मुंबईकडून कापड मागवावयाचे तर कलदार मोजावे लागत आणि गावात विक्री हालीत होई. 17 सप्टेंबर 1948 नंतरही काही वर्षे हे चलन व्यवहारात होते. घरात त्या काळातील एखादे हाली नाणे देवघराच्या डब्यात सापडले, तर चौथीतील मुलासमोर ते ठेवावे आणि विचारावे: बेचाळीस कलदारांचे हाली किती? बेचाळिसात सहा सात वेळा. म्हणून सात साते एकोणपन्नास. प्रमाण या प्रकरणाची याहून चांगली ओळख सहसा पुस्तकात होत नाही, आणि पणजोबा काय करीत होते हेही मुलाला कळते.

गणित आणि व्यवहार यांचे हे नाते आपल्या परंपरेला नवे नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथाच्या आरंभीच गणिताचे क्षेत्र सांगितले आहे. त्यात व्यवहार येतो, तसे संगीत, पाकशास्त्र, वैद्यक आणि वास्तुविद्याही येतात. स्वयंपाकघराला गणिताच्या यादीत स्थान देणारा हा आचार्य आजच्या शाळेच्या बैठकीत बसला असता, तर पुष्कळांची पंचाईत झाली असती.

स्वयंपाकघराजवळच मोठे गणित सकाळीही घडते. ज्या घरात नवकारसीचे पच्चक्खाण पाळले जाते, तेथे सूर्योदयानंतर 48 मिनिटे झाल्याशिवाय कोणी पाणी घेत नाही. आजचा सूर्योदय 6 वाजून 37 मिनिटांनी असेल, तर नवकारसी किती वाजता? तिसरीतील मूल ठामपणे '6 वाजून 85' असे लिहील. येथे रागावू नये. उलट ही फार मोलाची चूक आहे. शंभराला पुढचे घर आणि साठाला पुढचा तास, हा भेद येथेच उलगडतो: साठ मिनिटे तासाला दिली, उरली पंचवीस, म्हणून सात वाजून पंचवीस. भिंतीवरील दिनदर्शिकेतील सूर्योदय आणि सूर्यास्त दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलाने एका पानावर लिहावा. वर्षाच्या शेवटी दिवस कसा लांबला आणि कसा आखडला, हे त्या पानावरच दिसते, आणि चौविहाराची वेळ उन्हाळ्यात उशिरा का येते, हा प्रश्न मूल स्वतःच सोडविते. मोठ्या मुलासाठी एक पुढची पायरीही आहे. मुंबईत छापलेल्या पत्रिकेतील सूर्योदय तीर्थपुरीला लागू पडत नाही. तीर्थपुरी मुंबईच्या पूर्वेस साधारण तीन अंश आहे. अंशामागे चार मिनिटे धरली, तर येथे सूर्य सुमारे बारा मिनिटे आधी उगवतो. भूगोल आणि गणित अशी हातात हात घालून येतात, तेव्हा त्यांना विषय म्हणावेसेही वाटत नाही.

येथवर सारे संख्यांविषयी झाले, आणि व्यापारी घरात ते तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु मुलांची खरी उणीव बहुधा दुसरीकडेच असते.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. राज्यातील ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते 1 डिसेंबर 2021 पासून. म्हणजे जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले, तेव्हा ते दुसरीत होते आणि दुसरीचेही अर्धे वर्ष सरले होते. अक्षरओळखीचे सर्वांत मोलाचे वर्ष त्याने घरी काढले. सरकारने प्रयत्न केले नाहीत असे नाही. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत एप्रिल 2020 पासून दररोजची अभ्यासमाला मोबाइलवर पाठविली. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरातल्या व परिसरातल्या वस्तूंवरून शिकविणारी ती मालिका खरोखर चांगली होती. परंतु फोन बहुधा वडिलांच्या खिशात आणि वडील दुकानात किंवा शेतात. ज्या घरात कोणीतरी मुलाशेजारी बसले, तेथे मूल टिकले. जेथे फक्त फोन हाती दिला गेला, तेथे मूल फोन शिकले.

त्याचा परिणाम 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत दिसतो. देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले 2018 मध्ये 27.3 टक्के होती. 2022 मध्ये ती 20.5 टक्क्यांवर आली आणि 2024 मध्ये 27.1 टक्के झाली. वजाबाकी येणारी तिसरीची मुले याच तीन वर्षांत अनुक्रमे 28.2, 25.9 आणि 33.7 टक्के होती. म्हणजे हिशेब कमी घसरला आणि सावरल्यावर पूर्वीपेक्षा पुढे गेला. वाचन अधिक घसरले आणि सावरून जेमतेम जुन्या जागी आले. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्यांना यातील अर्थ निराळा सांगावयास नको. संख्या जगात सर्वत्र भेटतात; सलग मजकूर मात्र कोणीतरी समोर ठेवल्याशिवाय भेटत नाही. दुकानात तर तो जवळजवळ नसतोच.

तरीही आपल्या घरांत वाचनाचे एक निमित्त रोजच येते, ते म्हणजे पाकिटावरील घटकांची यादी. हिरवा ठिपका शाकाहाराची खात्री देतो. कांदा, लसूण किंवा बटाटा नाही याची देत नाही. आजीला बारीक इंग्रजी अक्षरे दिसत नाहीत, मुलाला दिसतात. त्याने एकेक शब्द वाचावा, त्याचा अर्थ आजीला मराठीत सांगावा, आणि ते पाकीट घरात येणार की नाही, हे त्याच्या वाचनावरून ठरावे. ज्या वाचनावर निर्णय अवलंबून आहे, ते मूल जपून करते. 'आपल्याला चालेल' असे घाईने वाचून सांगणाऱ्या मुलाला, त्याला हवी असलेली वेफर्सची पुडी समोर असताना, यादी पुन्हा एकदा वाचावयास सांगावी, ही सूचना अनुभवी आज्यांना करण्याची गरज नाही.

यादी म्हणजे गोष्ट नव्हे, म्हणून रात्री दहा मिनिटे गोष्टीचे वाचन हवेच. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. एक पान मोठ्यांनी वाचावे, एक पान मुलाने. मुलाचे बोट ओळीखाली असावे. अडलेला शब्द लगेच सांगू नये; मनात पाचपर्यंत मोजावे आणि मगच सांगावा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच मुलाला तो सापडतो. दिवसभर गिऱ्हाइकांची घाई सोसून आलेल्या वडिलांना हे पाच आकडे फार जड जातात, हेही खरे आहे.

या सर्वाला मिळून लागतो अर्धा तास, तोही तुकड्यातुकड्यांनी. सकाळी नवकारसीचे पाच मिनिटांचे गणित, संध्याकाळी काहीतरी खाऊन झाल्यावर गल्ल्याशेजारी दहा-पंधरा मिनिटे, रात्री वाचन. कापूस-सोयाबीनच्या मोसमात दुकान भरलेले असेल, त्या दिवशी संध्याकाळचा भाग खुशाल सोडावा. रात्रीचे वाचन मात्र सोडू नये. पहिलीपासूनच मुलाला शिकवणी लावण्याची जी चढाओढ लहान गावांतही शिरली आहे, तिच्याविषयी एवढेच म्हणता येईल की, सात वर्षांच्या मुलाला दिवसाचा आठवा तास खुर्चीवर बसवून जे मिळते, त्याच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

आणखी एका गोष्टीत मात्र सावधपण हवे. शिकण्यासाठी गल्ल्याशेजारी बसलेले मूल पाहता पाहता बिनपगारी मदतनीस होते. 2016 च्या दुरुस्तीनंतरही बालकामगार कायदा मुलाला शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या व्यवसायात मदत करू देतो. पण कायदा चालवून घेतो म्हणून ते शिक्षण ठरत नाही. परीक्षा सोपी आहे. मुलाची चूक झाली तर कोणाचे नुकसान होते? गिऱ्हाइकाचे किंवा गल्ल्याचे होत असेल, तर ते काम आहे. चुकले तरी कोणाचे काहीच जात नसेल आणि मोठ्या माणसाला ते पुन्हा समजावून सांगण्यास सवड असेल, तर ते शिक्षण आहे. दिवाळीच्या गर्दीत आठ वर्षांच्या मुलाला गल्ल्यावर बसवून 'आमचा पोरगा आतापासूनच दुकान सांभाळतो' असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा तो अभिमान आणि मुलाचे हित वेगवेगळ्या दिशांना चाललेले असतात.

साधनांवर खर्च करावा लागत नाही, हे या प्रदेशाने फार पूर्वी पाहिले आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून रूढ झाला. बिया, खडे, पाने, शिंपले हेच त्यांचे आणि अनुताई वाघांचे साहित्य होते. भुसार दुकानात तर तूर, मूग, हरभरा, मका यांच्या रूपाने हे साहित्य पोत्यांनी भरलेले असते. ते निवडणे, रंग-आकाराने वेगळे करणे, दहा-दहाचे ढीग करणे, हा बालवाडीतील धाकट्यासाठी उत्तम उद्योग आहे. धान्य मात्र खेळानंतर परत पोत्यात जावे.

राहता राहिला प्रश्न गल्ल्याशेजारी कोण बसते हा. नातू बसतो. त्याच घरातील, त्याच शाळेतील, कदाचित गणितात त्याच्याहून हुशार असलेली नात दुकानातून सरळ आत जाते. तिला कोणी हाक मारीत नाही. आणि आत तिची आई, बी.कॉम. किंवा एम.कॉम. होऊन या घरात आलेली सून, जेवणाची तयारी झाल्यावर संगणकावर दुकानाचे जीएसटीचे विवरण भरीत असते. जुलै 2017 पासून कित्येक दुकानांचा हा हिशेब घरातल्या सुनाच सांभाळीत आहेत. अठरा टक्के आणि पाच टक्के यांतील फरक, खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून कसा वजा होतो, हे चौथी-पाचवीच्या मुलांना एका साबणाच्या वडीवरून समजावून सांगू शकेल अशी गणिताची शिक्षिका त्या घरात आहे. तिच्या खुर्चीशेजारी आणखी दोन खुर्च्या ठेवण्यास जागा आहे, एक मुलासाठी आणि एक मुलीसाठी. पुढे दुकानात आजोबांनी "एकोणसत्तर" म्हटले, तर उत्तर आतल्या खोलीतूनही येऊ शकेल.